खाटेखाली झोपणाऱ्यांचा हिशेब

पेपरात चार ओळींची बातमी येते. ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर उलटला, दोन ठार, सात जखमी. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की येते, मार्च-एप्रिलात टोळ्या परतायला लागल्या की पुन्हा येते. मेलेल्यांची नावं छापतात, गाव छापतात. एखादा पुढारी घरी जाऊन सांत्वनाचा फोटो काढून घेतो. मरणाला निदान एका दिवसाचा मान आहे. पण ते सात जखमी कुठं गेले? कुणी उचलून नेले? त्यांच्या उशाला कोण बसलं, आणि जो बसला त्याची चूल कुणी पेटवली? हे सांगायला पाचवी ओळ लागते. ती ओळ कुठल्याच पेपरला परवडत नाही.

दोस्तांनो, आज त्या पाचव्या ओळीबद्दल बोलायचं आहे.

बीड जिल्ह्याला ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणतात. म्हणणारे असं म्हणतात जणू काही हे इथल्या मातीचं पीक आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई – कुठल्याही तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की गावं ओस पडतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली लेकरं. बाकी सगळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर नाहीतर कर्नाटकात. वंजारी जातो, बंजारा जातो, कोरडवाहू मराठा जातो. पण ज्याच्या नावावर कधी सातबाराच नव्हता तो महार-मांग जातो तेव्हा त्याच्या मागे घराच्या चार पत्र्यांशिवाय काही नसतं. हा फरक एरवी दिसत नाही. फडात सगळ्यांच्याच अंगाला पाचट टोचतं. तो दिसतो अपघात झाल्यावर.

फडाचा हिशेब माणसात होत नाही, कोयत्यात होतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा असला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती फेडायची दोघांनी मिळून. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची, दोघांनी गाडी भरायची. आता यातल्या एकाच्या मांडीवरून ट्रॉलीचं चाक गेलं तर काय होतं? डॉक्टरच्या कागदावर एक पेशंट. पण फडातून दोन माणसं उठली. एक खाटेवर पडलं, दुसरं खाटेखाली. तिथून पुढं मजुरी बंद आणि खाडा सुरू.

मी खाटेखाली म्हणतो ते शोभेसाठी नाही. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या अस्थिरोग वॉर्डात रात्री अकरानंतर जाऊन बघा. खाटेवर एक माणूस, खाटेखाली गोधडीवर एक माणूस, व्हरांड्यात दोन, बाहेर झाडाखाली चार. दिवसा हेच लोक स्ट्रेचर ढकलतात, एक्स-रेच्या रांगेत उभे राहतात, रक्तपेढीकडं पळतात, चिठ्ठीवरचं औषध बाहेरून आणतात, भांडं देतात, उचलतात, धुतात. मांडी मोडलेल्या, कंबरेतून लुळ्या पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि हाड राहतं बाजूला, माणूस जखमेनं जातो. वॉर्डात नर्स किती, पेशंट किती? हे दोन दोन तासांचं काम रात्रभर करतं कोण? त्याची बायको. नाहीतर आई. डोळ्याला डोळा न लागता. हे नर्सिंगचंच काम आहे. फरक एवढाच की तिला पगार नाही, रजा नाही, आणि सकाळी राउंडच्या वेळी 'नातेवाईक बाहेर व्हा' म्हणून पहिली हाकलली जाते तीच.

आता थोडं गणित करू. बडे लोक आकडे दाखवून आपल्याला गप्प करतात, तर आकडे आपणही मांडू. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यानंतर टनाला साडेतीनशेच्या वर मजुरी पडते. धडधाकट जोडपं दिवसाला दोन टन तोडतं असं धरा. म्हणजे दिवसाचे सातशे. मांडीचं हाड जुळायला कमीत कमी तीन महिने लागतात, सहाही लागतात. तीनच धरले, नव्वद दिवस, तर त्रेसष्ट हजार रुपये गेले. हे पैसे हातात येणारे नव्हतेच, उचलीत वळते होणारे होते. म्हणजे तेवढी उचल अंगावर राहिली. त्यात मुकादम खाड्याचे मांडणार ते वेगळे. दवाखान्यातले वीस दिवस, सोबतच्या माणसाचा चहा, वडापाव, एस्टी, मोबाईलचं रिचार्ज मिळून दिवसाचे दोनशे धरले तरी चार हजार. आणि जे पन्नास हजार घाईगर्दीत शेकडा पाचानं काढले त्याचं व्याज महिन्याला अडीच हजार. दवाखान्याचं बिल शून्य आलं तरी हे सगळं आहेच.

सरकार म्हणतं, इलाज फुकट आहे. खोटं नाही ते. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं जी जीवनदायी योजना निघाली, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. आपल्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरला घाटी आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात केंद्रानंही योजना काढली, मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत इलाज फुकट.

सात दिवस! सात दिवसांत मोडलेली मांडी जुळत असती तर आम्ही मागणीच केली नसती.

फुकट आहे ते ऑपरेशन. माणूस पुन्हा उभा राहणं फुकट नाही. रॉड टाकून, टाके काढून घरी पाठवलं की सरकारच्या दप्तरात तो बरा झाला. खरं तर तिथून पुढं सुरुवात असते. गुडघा रोज वाकवला नाही तर आखडतो आणि जन्माचा लंगडा होतो. त्याला व्यायाम करून घेणारा माणूस लागतो. तो बसतो तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला. तांड्यावरून, वस्तीवरून तिथं जायला जीप करावी लागते. कुबड्या लागतात, अंडी-दूध लागतं, संडासाला बसायची सोय लागते. ज्याच्या घरात संडासच नाही तो पाय प्लास्टरात घेऊन माळावर कसा जाणार? हे कुठल्या पॅकेजात बसतं?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा आणि मागून घ्या. फुले योजनेच्या पॅकेजात पेशंटचं जेवण आणि घरी परत जायचं एस्टीचं भाडं धरलेलं आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसवलेला असतो, त्याला गाठा. तोंड उघडलं नाही तर कुणी आपण होऊन देत नाही.

आता कायद्याकडं येऊ. कारखान्यात यंत्रावर बोट तुटलं तर काय करायचं हे या देशानं फार आधी ठरवलं आहे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा होता. कामावर जखमी झालेल्याला मालकानं भरपाई द्यायची, आणि ठेकेदारामार्फत माणसं घेतली म्हणून मूळ मालक सुटत नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. २००९ च्या दुरुस्तीनं इलाजाचा खर्चही मालकावर टाकला. आता त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. दुसरा कायदा राज्य कामगार विम्याचा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३-४४ साली प्राध्यापक अडारकरांकडून त्याची आखणी करून घेतली गेली, आणि १९४८ साली कायदा झाला. त्या विम्यात आज कामावर जखमी झालेल्या कामगाराला इलाज तर मिळतोच, शिवाय घरी पडून असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के पैसे मिळतात. म्हणजे पडलेल्या माणसाच्या घरची चूलही पेटती राहिली पाहिजे, हे ऐंशी वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

मग आपल्या माणसाला ते का नाही? बारकाईनं वाचा. त्या कायद्यातून मोसमी कारखाने वगळले. आणि मोसमी कारखाना म्हणजे कोणता, याच्या यादीत साखर आणि गूळ नाव घेऊन लिहिले आहेत. जिथं कारखान्याच्या आतल्या कामगारालाच वगळलं, तिथं बाहेर फडात उभा असलेल्याला कोण विचारतो? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो मी उचल दिली, माझीच बुडाली. ऊस कारखान्याचा, गाडी वाहतूकदाराची, टोळी मुकादमाची. आणि मोडलेला पाय तेवढा कुणाचाच नाही!

शेतकऱ्यांसाठी अपघाताची एक योजना आहे. ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून ज्यांची ओळख होती, त्या गोपीनाथ मुंडे यांचं नाव तिला दिलेलं आहे. मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. पण अर्जाला काय जोडायचं? सातबारा. ज्या जातींना पिढ्यानपिढ्या जमिनीपासून लांब ठेवलं त्यांच्याकडं अपघाताच्या दिवशी सातबारा मागायचा, याला काय म्हणायचं? एकाच ट्रॉलीतून पडलेले दोघं, एकाच्या बापाच्या नावावर दोन एकर खडक आहे आणि दुसऱ्याच्या नावावर काही नाही. पाय दोघांचा तुटतो. लाख एकालाच.

आणि बायांचं काय? इथं आपण चळवळीतल्या पुरुषांनीही जरा खाली बघावं. नवरा पडला तर बायको खाटेखाली असते, यावर चर्चा नाही, ते धरूनच चाललंय. बायको पडली तर खाटेखाली कोण? तिची आई येते, नाहीतर शाळेतली थोरली पोरगी. नवरा आठ दिवसांत 'उचल फेडायचीय' म्हणून फडावर परत. पोरीची शाळा तिथंच संपते, आणि दोन वर्षांत लग्न. याच जिल्ह्यात २०१९ साली सरकारच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. बाईचं शरीर म्हणजे खाडा पडू नये म्हणून दुरुस्त करायचं यंत्र, हे या धंद्यानं ठरवूनच टाकलंय. तिच्या सेवेला किंमत नाही आणि तिच्या दुखण्यालाही नाही.

किंमत नाही म्हणतो, पण न्यायालयानं ती मोजलेली आहे. हरियाणात ट्रॅक्टरवरून आईबापाबरोबर जाताना ट्रकच्या धडकेत बारा वर्षांची मुलगी कायमची अंथरुणाला खिळली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तिच्या भरपाईत सांभाळणाऱ्या दोन माणसांचा खर्च धरला. महिन्याला प्रत्येकी पाच हजार, एकूण २१ लाख ६० हजार रुपये. म्हणजे उशाशी बसणं हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं मान्य केलं. मग हे आपल्या वस्तीवर कुणी सांगितलं का? वकिलानं? पुढाऱ्यानं? जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळानं?

गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. पेशंटबरोबर एक माणूस असतो आणि त्याला पाठ टेकायला जागा लागते, एवढी साधी गोष्ट. कोट्यवधींच्या इमारती बांधणाऱ्यांच्या नकाशात ती बसत नाही.

आतापर्यंत आपली माणसं जगली ती आपल्याच माणसांच्या जिवावर. बातमी आली की वस्तीत वर्गणी होते. कुणी वीस, कुणी पन्नास. बाया बारीनं डबा पाठवतात. पोरं रक्त द्यायला जीप भरून जातात. ही माणुसकी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण गरिबानं गरिबाला वीस रुपये देऊन कारखान्याची जबाबदारी किती वर्षं फेडायची? आपली वर्गणी म्हणजे त्यांची सुटका होऊन बसली आहे.

म्हणून मागायचं ते स्पष्ट मागू. अपघाताच्या दिवसापासून त्या कोयत्याचा खाडा बंद, दोघांचाही. उचलीची वसुली थांबली पाहिजे. कर्जापोटी माणसाला राबवून घेणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, हे मुकादमाला तोंडावर सांगायचं. खाटेशी बसणाऱ्या माणसाला किमान वेतनानं रोज मिळाला पाहिजे, पेशंट चालता होईपर्यंत. प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात नातेवाइकांना निवारा, संडास, दोन वेळचं जेवण. व्यायाम करून घेणारा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि सातबारा नसणाऱ्याला सातबारा मागायचा नाही.

पैसा कुठून आणायचा, असं विचारतील. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे ठरलेलं आहे, आणि सरकारनं तेवढेच घालायचे. २०२२-२३ च्या हंगामात राज्यात साडेदहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला गेला. दहानं गुणा. कारखान्यांचाच वाटा शंभर कोटींच्या वर जातो. तो आमच्या हातानं तोडलेल्या उसातून निघतो, कुणाच्या खिशातली भीक नाही. त्याचा दरवर्षीचा हिशेब गावोगाव फळ्यावर लागला पाहिजे.

तोवर आपण एक काम करू शकतो, आजपासून. टोळी निघायच्या आधी वस्तीतल्या शिकल्या पोरांनी प्रत्येक कोयत्याची नोंद वहीत करायची. नाव, मुकादम, कारखाना, उचल किती, गाडीचा नंबर, रेशनकार्ड, आधार. एक प्रत टोळीबरोबर, एक गावात. अपघात झाला की पहिल्या दिवशी पोलिसात नोंद, दवाखान्याच्या प्रत्येक कागदाची प्रत, आणि खाटेखाली किती दिवस कोण झोपलं त्याची तारीखवार नोंद. मुकादमाकडं वही असते म्हणून त्याचा हिशेब खरा ठरतो. आपल्याकडंही वही पाहिजे.