सल्ल्याला उत्तर देण्याचे बंधन हवे

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी अन्याय मोर्चा घेऊन क्वचितच येतो. एखाद्या वस्तीपर्यंत न पोहोचलेला नळ, बाजारात स्त्रियांसाठी नसलेले स्वच्छतागृह, अपंगाला चढता न येणाऱ्या कचेरीच्या पायऱ्या किंवा आडनाव ऐकल्यावर नाकारली गेलेली भाड्याची खोली, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत तो राहतो. यांतील एकाही गोष्टीची दंगलीप्रमाणे नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही तिच्यावर उपायही निघत नाही. म्हणूनच समता, समावेश आणि मानवी हक्क या विषयांवर नगरपरिषदेला सल्ला देणारी एक स्थायी समिती निलंग्यात स्थापन व्हावी, या सूचनेचा गांभीर्याने विचार झाला पाहिजे.

'आणखी एक समिती कशाला?' हा प्रश्न प्रथमतः विचारला जाईल, आणि तो अनाठायी नाही. कायद्याने समित्यांची उणीव ठेवलेली नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या १९९५ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती आवश्यक ठरविली आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी असे सांगितले. २०१३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन उपविभागीय स्तरावरही अशी समिती आली. निलंगा हे उपविभागाचे ठिकाण असल्याने ही तरतूद त्याला थेट लागू पडते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात आणखी एक दक्षता समिती सांगितली. त्याच वर्षीच्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने तालुका व नगरपालिका पातळीवर तक्रार स्वीकारून ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठविणारा अधिकारी नेमावयास सांगितले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रय समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांतून निवडावयाचे ठरविले.

मग न्यून कोठे आहे? यांतील प्रत्येक समिती एकेका कायद्याची आहे, आणि माणूस मात्र एकाच कायद्यात मावत नाही. रस्त्याच्या कडेला भाजी विकणारी, तांड्यावरून गावात येऊन राहिलेली, पायाने अधू असलेली विधवा कोणत्या समितीकडे जाणार? तिचे दुःख चार खात्यांत वाटले जाते आणि चारही खाती उरलेल्या तिघांकडे बोट दाखवितात. दुसरे असे की, या समित्या बहुधा घडून गेलेल्या अपराधाच्या चौकशीसाठी आहेत. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प लिहिला जात असताना, गटाराची आखणी होत असताना, दिव्याचा खांब कोठे रोवावयाचा हे ठरत असताना, म्हणजे अन्यायाचा पाया घातला जात असताना, विचारणारे कोणी नसते. मोठ्या शहरांना निदान प्रभाग समित्या आहेत. परंतु चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच बंधनकारक केल्या. निलंग्यासारख्या लहान नगरांना त्यांचा लाभ नाही.

निर्णयाआधी न विचारल्याची किंमत या भागाइतकी क्वचितच कोणी मोजली असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. शासनाने, जागतिक बँकेने आणि देशभरातील संस्थांनी हे प्रचंड कार्य पार पाडले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु घरे कशी वाटली गेली? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे आणि मोठे कुटुंब सामावण्यास जागा लागते, हा यामागील युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण भूकंपाने वाडा आणि खोपट यांत भेद केला नव्हता. तो भेद पुनर्वसनाच्या आराखड्याने सिमेंटमध्ये पक्का केला. हा निकष ठरविताना भूमिहीनांची बाजू मांडणारा कोणी त्या मेजाशी बसला असता, तर घरे कदाचित तशीच राहिली असती. परंतु ती तशी का, याचे उत्तर त्याला द्यावे लागले असते.

त्याच पुनर्वसनात याच्या उलट अनुभवही आला. पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्याच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. अनुदान किती, हप्ता केव्हा, भिंत कशी बांधावी, ही माहिती त्यांच्यामार्फत घरोघरी पोहोचली आणि घराघरांतील अडचणी अभियंत्यांपर्यंत गेल्या. या स्त्रियांजवळ कोणताही अधिकार नव्हता. त्यांच्याजवळ माहिती होती, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे यंत्रणेचा भाग होते. सल्लागार समितीचे बळ नेमके येथून येते.

मराठवाड्याला दुसरा धडा नामांतराने दिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव न्याय्य होता. परंतु तो होताच खेडोपाडी दलितांच्या घरांना आगी लागल्या, माणसे मारली गेली, आणि प्रत्यक्ष नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मुंबईत झालेल्या न्यायाला गावात संरक्षण देणारी, अफवा पसरण्यापूर्वी दोन वस्त्यांतील माणसांना समोरासमोर बसविणारी कोणतीही रीत तेव्हा गावांजवळ नव्हती. अशी रीत काय करू शकते हे भिवंडीने दाखविले. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या संकटाच्या रात्री जन्मल्या नव्हत्या, शांततेच्या दिवसांत त्या नियमित बसत होत्या. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्याच्या गावागावांत जो ताण निर्माण झाला, तो पाहता शांततेच्या दिवसांतील ही तयारी निलंग्यालाही अनाठायी ठरणार नाही.

या भागात पाणी हाही हक्काचाच प्रश्न आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी पुकारावी लागली. गावापर्यंत पाणी आणणे हे अभियंत्याचे काम आहे. आणलेले पाणी प्रथम कोणत्या गल्लीत सोडावयाचे आणि टँकर कोणत्या कोपऱ्यावर उभा करावयाचा, हा प्रश्न समन्यायाचा आहे. सर्वांना सारखे देणे नेहमीच न्याय्य नसते. घरी हौद असणाऱ्याला आणि दोन घागरींवर दिवस काढणाऱ्याला एकच वेळ ठरविली, तर कागदावर समता होते आणि घागर रिकामी राहते.

तेव्हा समिती हवी, पण कशी? नगरपरिषदेने ठराव करून तेरा ते पंधरा जणांची समिती नेमावी. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. सफाई कामगार, अपंग, भटक्या-विमुक्त वस्त्यांतील रहिवासी, अल्पसंख्याक, हातगाडीवाले, वसतिगृहांतील विद्यार्थी यांपैकी प्रत्येकाचा प्रतिनिधी असावा, आणि सोबतीला एखादा वकील, एखादा निवृत्त शिक्षक. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी त्यांत नसावा. अन्यथा स्वीकृत सदस्यत्व न मिळालेल्यांची सोय एवढाच तिचा उपयोग उरेल. मुदत दोन वर्षांची, बैठक दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी आणि सर्वांना खुली असावी. अपंगांसाठी, महिला व बालकल्याणासाठी आणि मागास वस्त्यांसाठी राखलेला निधी कोठे गेला, हे अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी तिने तपासावे.

तथापि या सर्वांहून महत्त्वाची अशी एक अट आहे. समितीने लेखी सल्ला दिला की नगरपरिषदेने साठ दिवसांच्या आत लेखी उत्तर दिले पाहिजे, आणि सल्ला व उत्तर दोन्ही सूचनाफलकावर लागले पाहिजेत. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार आपल्या समित्या कोणत्या आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात किंवा नाही, हे प्रत्येक कार्यालयाने जाहीर करावयाचे असते. पण इतिवृत्त पाहता आले म्हणून त्यावर काही घडतेच असे नाही. सल्ला अमान्य करण्याचा अधिकार लोकनियुक्त नगरपरिषदेला अवश्य असावा, कारण मतदारांना जबाबदार तीच आहे. मौन पाळण्याचा अधिकार मात्र तिला नसावा. 'पैसा नाही' हे उत्तरसुद्धा लेखी द्यावे लागले, तर पुढच्या वर्षी पैसा कोठे गेला हे विचारता येते.

अशा समितीने जातीय भावना चिघळतील, हा आक्षेप जुना आहे. भेद बोलून दाखविल्याने निर्माण होत नाही, तो असतोच. मेजाशी बोलला गेला नाही तर तो रस्त्यावर बोलला जातो. मुंबईस राज्य मानवी हक्क आयोग आहे, पण निलंग्यातील सफाई कामगाराला तो जवळचा वाटणे कठीण. वरून कायदा येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराला अमेरिकेच्या संघराज्याने मान्यता दिली नसतानाही सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९८ मध्ये त्याची तत्त्वे आपल्या शहरापुरती स्वतःच्या नियमाने स्वीकारली. गाव आपल्या हद्दीत देशाच्या एक पाऊल पुढे जाऊ शकते.

निलंग्याला तर उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. १९५६ पर्यंत निलंगा ज्या बीदर जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील कल्याण येथे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी अनुभवमंटप उभारला. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली तेथे धोबी, नावाडी, चर्मकार आणि अक्कमहादेवींसारख्या स्त्रिया एकाच बैठकीत बोलत, असे परंपरा सांगते. तीच परंपरा असेही सांगते की, बोलणे चालू होते तोवर राजसत्तेने सहन केले. बोलण्याप्रमाणे एक विवाह घडून येताच कल्याणात रक्त सांडले. बसवजयंतीला मिरवणूक काढणाऱ्या, भीमजयंतीला निळे ध्वज लावणाऱ्या गावाला तेवढे धैर्य दाखवावे लागणार नाही. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा लागेल, आणि त्यात साठ दिवसांचे ते कलम गाळले जाणार नाही, यावर शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावे लागेल. ते कलम गाळले गेले, तर समिती न झालेली बरी.