विश्लेषण : जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं वय आणि किंमत कशी ठरते? नुसत्या नंबरवर का विसंबू नये?

माळ्यावरची किंवा काकांच्या बंद खोलीतली इलेक्ट्रिक गिटार एक दिवस खाली येते. धूळ पुसली जाते, मागच्या स्टीलच्या पट्टीवरचा नंबर मोबाइलवर शोधला जातो आणि दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो : ‘१९६४ची आहे, परदेशात लाखोंना जाते!’ यातलं वर्ष चुकीचं असू शकतं आणि किंमत तर बहुतेक वेळा चुकीचीच असते. उलटंही घडतं. ‘आवाज येत नाही, भंगार झालीय’ म्हणून चार-पाच हजारांत दिलेली गिटार खरोखर मोलाची निघते. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समज आहे, तो म्हणजे गिटारवरचा नंबर ही तिची जन्मतारीख.

नंबर ०००१, तरी पहिली नव्हे!

२० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ‘पिंक फ्लॉइड’चा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याच्या गिटारींचा लिलाव केला. त्यात ०००१ नंबरची पांढरी फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर होती. ती १८ लाख १५ हजार डॉलरला गेली. नंबर पाहून कुणीही म्हणेल, हीच जगातली पहिली स्ट्रॅटोकॅस्टर. पण तिच्या मानेवर तारीख आहे जून १९५४ आणि बॉडीवर सप्टेंबर १९५४. त्याच्या आधीच स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आलेली होती.

कारण साधं आहे. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात नंबर कोरलेल्या पट्ट्या आधी बनायच्या आणि कामगाराच्या हाताला येईल ती पट्टी गिटारला लागायची. शिवाय ही पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली असते. चार स्क्रू काढले की दुसऱ्या गिटारला लावता येते. जिची ओळख स्क्रू-ड्रायव्हरने बदलते, अशा वस्तूचं वय केवळ त्या ओळखीवरून ठरवणं धाडसाचंच.

गिब्सनची गोष्ट आणखी गोंधळाची. १९६०च्या दशकात या कंपनीने तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. त्यामुळे एकाच नंबरला दोन-तीन वर्षं लागू होतात. १९७७पासून मात्र गिब्सनने आठ आकडी पद्धत आणली आणि ती वाचायला सोपी आहे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन आकडे वर्षातला दिवस आणि शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रमांक. ८२७६५५०१ असा नंबर असेल तर वर्ष १९८५, दिवस २७६वा म्हणजे ३ ऑक्टोबर आणि ५०१ म्हणजे नॅशव्हिलच्या कारखान्यातली त्या दिवसाची पहिली गिटार.

फेंडरनेही १९७६च्या अखेरीस नंबर पट्टीवरून काढून मानेच्या डोक्यावर छापायला सुरुवात केली. ‘एस’ म्हणजे सत्तरचं दशक, ‘ई’ म्हणजे ऐंशीचं, ‘एन’ म्हणजे नव्वदचं. पुढचा आकडा वर्ष सांगतो. पण इथेही मेख आहेच : ‘ई४’ने सुरू होणारे नंबर १९८४नंतरही काही वर्षं गिटारींवर लागत राहिले.

खरं वय लपलेलं असतं आत

गिटारचं वय बघायचं तर ती उघडावी लागते. फेंडरसारख्या गिटारमध्ये मान बॉडीला स्क्रूंनी जोडलेली असते. आधी तारा पूर्ण सैल करायच्या, मग मान काढायची. तिच्या टाचेवर पेन्सिलने लिहिलेला किंवा शाईने छापलेला मजकूर दिसतो. इथे अनेक जण फसतात. ‘२ मार्च ६३ बी’ असं छापलेलं असेल तर वाचणारा लगेच म्हणतो, २ मार्चला बनली. प्रत्यक्षात तो २ म्हणजे तारीख नसून स्ट्रॅटोकॅस्टरच्या मानेचा सांकेतिक आकडा आहे, तर ‘बी’ म्हणजे मानेची रुंदी. तारीख एवढीच : मार्च १९६३. आणि तीही मानेची, अख्ख्या गिटारची नव्हे.

दुसरा साक्षीदार आहे आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबखालचा पोटेन्शिओमीटर. दुकानात त्याला ‘पॉट’ म्हणतात. फिजिक्सच्या लॅबमध्ये ज्याच्याशी झटापट केली त्याचाच हा धाकटा भाऊ. अमेरिकी पॉटच्या पाठीवर सहा-सात आकडे कोरलेले असतात. पहिले तीन म्हणजे बनवणारी कंपनी : १३७ सीटीएस, ३०४ स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १३७६६१२ हा पॉट सीटीएसने १९६६च्या बाराव्या आठवड्यात बनवला. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असायचा, तिथे दशक कोणतं हे इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

पॉट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. पॉट १९६६चा असेल तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते. १९६६च्या तारखेचे पॉट त्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या फेंडरमध्येही सर्रास सापडतात, कारण कारखान्यात साठा पडून होता. सोल्डरिंग जुनं, धुरकट आणि अखंड दिसतंय का, की एखादा जोड नव्याने चकाकतोय, हे बघणं म्हणूनच आकडे वाचण्याइतकंच महत्त्वाचं.

बाहेरूनही बरंच कळतं. स्ट्रॅटोकॅस्टरला शिसवी फिंगरबोर्ड आला १९५९मध्ये. मानेचं डोकं मोठं झालं १९६५च्या अखेरीस, म्हणजे सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली त्याच वर्षी. मान तीन स्क्रूंवर आली १९७१मध्ये. तेव्हा तीन स्क्रूंची, मोठ्या डोक्याची गिटार कुणी ‘१९६२ची’ म्हणून दाखवली, तर पुढचं ऐकायची गरजच नाही. (शिसवीचा विषय निघालाच आहे तर : सुरुवातीचं लाकूड ब्राझीलचं होतं. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर फेंडर भारतीय शिसवीकडे वळली. सह्याद्रीच्या जंगलात वाढतो तोच हा शिसव. ब्राझिलियन शिसवीचा व्यापार १९९२पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळपास बंद आहे, त्यामुळे अशी गिटार परदेशी विकताना कागदपत्रं लागतात.)

रंगाच्या तपासणीला नोटा तपासायचा जांभळा दिवाही चालतो. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं. मधेच एखादा भाग गडद राहिला तर तिथे नंतर रंग मारलेला असण्याची दाट शक्यता.

मग किंमत?

इथे बाजाराचा दुटप्पीपणा उघड होतो. जुन्या गिटारींच्या व्यापारातला ढोबळ नियम सांगतो की, मूळ रंग काढून नवा मारला की किंमत निम्म्यावर येते. पिकअप बदलला, वजाबाकी. मान बदलली, मोठी वजाबाकी. पण त्याच २०१९च्या लिलावात गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकॅस्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तिच्या माना अनेकदा बदलल्या होत्या, पिकअप बदलले होते, काळा रंगही मूळ रंगावर चढवलेला. एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तर जुन्या स्ट्रॅटोकॅस्टरचे भाग जुळवूनच बनलेली होती. तीही २००४मध्ये ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली गेली.

म्हणजे नामवंताने केलेला बदल इतिहास ठरतो आणि वसईच्या किंवा मडगावच्या बँडमध्ये तीस वर्षं वाजलेल्या गिटारवरचा तोच बदल दोष! हे अन्यायाचं आहे, पण विकणाऱ्याने ते गृहीत धरलेलं बरं. एक मात्र ठामपणे म्हणायला हवं. झिजलेल्या पट्ट्या बदलणं, म्हणजे फ्रेट बदलणं, याला दोष मानणारा खरेदीदार गिटार वाजवत नसावा. टायर बदलला म्हणून कुणी गाडी अर्ध्या किमतीत मागत नाही.

ऑनलाइन आकडे बघतानाही हाच घोळ होतो. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, ती किंमत नव्हे. रिव्हर्ब आणि ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या व्यवहारांचे आकडे बघता येतात, तेच धरावेत. तेही त्याच मॉडेलचे, त्याच वर्षाचे आणि त्याच अवस्थेतल्या गिटारचे. डॉलरला थेट रुपयाने गुणण्यातही अर्थ नाही, कारण तो खरेदीदार तिथे आहे आणि गिटार इथे.

आपल्या घरात नेमकं काय सापडतं?

खरं सांगायचं तर १९५९ची लेस पॉल सापडत नाही. १९५८ ते १९६० या काळात तसल्या सनबर्स्ट गिटार दीड हजारांच्या आसपासच बनल्या. आपल्याकडच्या माळ्यांवर बहुधा गिव्हसन किंवा हॉबनर असते. दोन्ही भारतीय ब्रँड. नावं गिब्सन आणि हॉफनरची आठवण करून देतात, आणि घाईत वाचणारा त्यातच फसतो. त्यांना लाखांचा भाव नाही, पण दुरुस्त करून वाजवायला हरकत नाही.

मोलाच्या ठरू शकतात त्या जपानी. आयात निर्बंधांच्या काळात परदेशी गिटार यायची ती बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या किंवा बाहेरच्या नातेवाइकांच्या सामानातून. १९७५ नंतरच्या जपानी आयबानेझवर पहिलं अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. ‘एच७८’ म्हणजे ऑगस्ट १९७८. १९८२मध्ये फेंडर जपान सुरू झाल्यावर बनलेल्या ‘जेव्ही’ नंबरच्या स्क्वायरला आज संग्राहकांत चांगली मागणी आहे. ‘जपानी आहे, स्वस्तातली’ असं म्हणून ती उचलणारा दुकानदार एक तर अडाणी असतो किंवा फार हुशार.

म्हणून गिटारची किंमत सांगणारा आणि ती विकत घेऊ पाहणारा माणूस एकच नसावा. फी देऊन तटस्थ जाणकाराकडून लेखी अंदाज घ्यावा, निदान मानेची टाच, पॉटचे आकडे आणि सोल्डरिंग यांचे फोटो आपल्याकडे ठेवावेत. स्क्रू अडला तर जोर लावू नये. पॉलिशचा हात तर अजिबात फिरवू नये. आणि कपाटातल्या एखाद्या डबीत जुने स्क्रू, गंजलेला ब्रिज, काढून ठेवलेला पिकअप सापडला तर ती डबी फेकू नये. बदललेल्या गिटारसोबत तिचे मूळ भाग मिळत असतील तर खरेदीदार त्यांचे वेगळे पैसे मोजतो.