पुण्याची खातेवही

कॅथोलिक माणूस सत्कृत्यांच्या मोलाने स्वर्ग विकत घेऊ पाहतो, हा आरोप आमच्यावर शतकानुशतके होत आला आहे. अलीकडे तो आमच्या घरांतूनही ऐकू येऊ लागला आहे. अन्य पंथाच्या प्रार्थनासभेला जाऊ लागलेला भाचा जेवता जेवता मामांना विचारतो, ‘तारण जर केवळ श्रद्धेने होते, तर तुमच्या नोव्हेना आणि तुमचा दानधर्म कशासाठी?’ मामा संतापतात, आवाज चढतात आणि पुढच्या सणाला एक पान कमी मांडले जाते. म्हणून या आरोपाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरोप करणाऱ्यांनी ट्रेंट विश्वपरिषदेचा ठराव सहसा वाचलेला नसतो; दुर्दैवाने बचाव करणाऱ्यांनीही तो वाचलेला नसतो. मनुष्य देवासमोर नीतिमान कसा ठरतो, याविषयीचा हा ठराव १३ जानेवारी १५४७ रोजी संमत झाला. ख्रिस्ताच्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरू शकतो, या मताचा त्याच्या पहिल्याच नियमात धिक्कार केलेला आहे. आरंभ कृपेचा, आपण तिला होकार देतो आणि तिच्याच बळावर सत्कृत्ये करतो. मग स्वर्ग विकत घेण्याची भाषा आमची कशी?

मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर करताना रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ’ हा शब्द मुळात नसताना घातला. उलट, नव्या करारात ‘केवळ श्रद्धेने’ हे शब्द एकाच ठिकाणी, संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतात आणि तेही नकारार्थी! मात्र न्यायाने बोलायचे, तर जिवंत श्रद्धा सत्कृत्यांवाचून राहत नाही, हे ल्यूथर यांनीही शिकवले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. २००६ साली मेथॉडिस्ट व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनाही त्यात सामील झाल्या. सारे मतभेद मिटले असे नव्हे; परंतु जेथे धर्मपंडितांनी हात मिळवले, तेथे मामा-भाच्यांनी अबोला का धरावा?

येथवर वाचून मामांना समाधान वाटेल. परंतु वाचकहो, आरोप आमच्या शिकवणुकीला लागू पडत नसला, तरी आमच्या वागणुकीला तो लागू पडत नाही काय? देणगी देण्याआधी आपण पाटीवरील नावाची चौकशी करतो. नऊ शुक्रवार पुरे झाले म्हणून देवाला ऋणको समजतो. अनाथाश्रमाला एक दिवसाचे जेवण देतो आणि वाडीत राबणाऱ्या मजुराची मजुरी ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणून अडवून ठेवतो! ज्या याकोबाचे पत्र आपण प्रतिपक्षावर उगारतो, त्याच पत्राचा पाचवा अध्याय शेतमजुरांची अडवलेली मजुरी आक्रोश करीत आहे, असे बजावतो. तो अध्याय मात्र आपल्या वादात कधीच येत नाही.

संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाचे चित्र पाहा. राजाच्या उजवीकडच्यांनी भुकेल्यांना अन्न दिले, उघड्यांना वस्त्र दिले, आजाऱ्यांची विचारपूस केली. राजा त्यांची कृत्ये सांगू लागतो, तेव्हा तेच चकित होऊन विचारतात की, हे आम्ही केव्हा केले? त्यांनी खातेवही ठेवलीच नव्हती. श्रद्धा आणि सत्कृत्य यांची फारकत त्यांच्या आयुष्यात झाली नव्हती, म्हणूनच त्यांना हिशेब ठाऊक नव्हता.

तेव्हा मामांना आमची विनंती आहे : भाच्याला पुन्हा जेवायला बोलवावे, ट्रेंटचा ठराव त्याला शांतपणे समजावून सांगावा; मात्र त्याआधी मजुराची मजुरी चुकती करावी. त्यानंतरच आपल्या बोलण्याला वजन येईल.