मोहाडीच्या तलावकाठी जपानी आयरिस कशाला?

तळव्याएवढं जांभळं फूल, तेही चिखलात ताठ उभं. जपानी आयरिसचं छायाचित्र पाहिलं की बागेची आवड असलेल्याला रोप मागवण्याचा मोह होतोच. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे छोटी तळी आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, ओलीची ददात नाही. तरीही हे झाड इथे लावू नये.

त्याला वाढीच्या आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मुबलक पाणी लागतं. हिवाळ्यात मात्र पानं वाळतात, कंद कडक थंडीत विसावतो आणि तेव्हा मुळाशी पाणी तुंबलेलं त्याला सोसत नाही. माती आम्लधर्मी हवी. चुना त्याचा वैरी. भंडाऱ्याची थंडी त्याला अपुरी पडते आणि मे महिन्यात तर पारा ४५ अंशांकडे धावतो.

जपानकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. हे फूल तिथल्याच ओल्या गवताळ रानांतलं. एदो काळात मात्सुदाइरा शोओ या सामुराईने आयुष्यभर निवड आणि संकर करून त्याचे अनेक वाण घडवले. आजच्या टोकियोतल्या होरिकिरीच्या आयरिस-बागा इतक्या गाजल्या, की हिरोशिगे या चित्रकाराने १८५७ मध्ये त्या आपल्या चित्रमालेत घेतल्या. आपल्याच दलदलीतलं रोप उचलून त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेणं, हे खरं कौतुकाचं काम.

भंडाऱ्याच्या दलदलीत काय कमी आहे? कमळ, पोयणी, शिंगाडा, देवधान. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने तलाव बांधले आणि मासेमार ढिवरांनी त्यांतली मासळी व वनस्पती ओळखल्या. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सैलावली. काठावर बेशरमाची झुडपं माजली. फुलासाठी परदेशातून आणलेल्या जलपर्णीने किती पाणी झाकून टाकलं, हे वेगळं सांगायला नको.

यातून वाट काढणारी माणसं याच भागातली आहेत. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. लोकांनी दिलेली वनस्पतींची नावं आणि त्यांचे उपयोग हाच या कामाचा पाया. पाण्याखालच्या गवतात मासे अंडी घालतात, पिल्लांना आसरा मिळतो; म्हणजे ही लागवड ढिवरांच्या चुलीशी जोडलेली आहे.

तलावांच्या सुशोभीकरणात मात्र काठ सिमेंटने बांधला जातो, वर पेव्हर ब्लॉक आणि कारंजं. या वनस्पती रुजतात त्या उथळ, उतरत्या काठावर, आणि नेमका तोच भिंतीखाली जातो. मोहाडीत तलावावर पैसा खर्च व्हायचा असेल, तर निदान एक बाजू कच्ची ठेवावी. उन्हाळ्यात पाणी आटलं की तिथली बेशरम मुळासकट काढावी आणि रोपं कोणती, कुठून आणायची हे ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थेला विचारून ठरवावं.

घरी हौस भागवायची असेल, तर भरपूर उन्हात एक टाकं ठेवावं, तळाशी तलावाचा गाळ घालावा आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या बोडीतला पोयणीचा कंद त्यात लावावा. डास होऊ नयेत म्हणून त्याच बोडीतले चार छोटे मासेही सोडावेत.