हवा जरा कमी, बॉस!

सायकलची हवा हा काय कॉलमचा विषय झाला? मलाही असंच वाटायचं. पण उजवा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवून डाव्या हाताने ऑफिसच्या मेल्स टाइप केल्या ना, की मत बदलतं. माझं बदललं.

झालं असं, की २०२० च्या लॉकडाउननंतर अर्ध्या ऑफिसने गिअरची सायकल घेतली, तशी मीही घेतली. मस्त माउंटन बाइक, सव्वादोन इंची जाडजूड टायर, पुढे शॉकअप. पण पुण्यात ती फिरली फक्त डांबरावर. मग एका दिवाळीत ठरवलं, हिला घरी वर्ध्याला न्यायचं आणि खऱ्या कच्च्या रस्त्यावर घालायचं.

निघायच्या आदल्या दिवशी हवा भरून घेतली. टायरवर कमाल ६५ पीएसआय छापलंय ना, मग भरा ६५! घरी बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि सर्टिफिकेट दिलं, "टणक आहे. जाय आता बिनधास्त." बाबांची अख्खी नोकरी काळ्या सायकलवर झाली. त्यांच्या सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हवर गेज धड रीडिंग देत नाही, त्यामुळे अंगठा हेच त्यांचं गेज. आणि टणक टायर पळतो हा त्यांचा फंडा गुळगुळीत डांबरावर खराही आहे.

सकाळी पवनारला धाम नदीवर फोटो काढले, मग सेलू, मग हिंगणी. पुढे बोरचं जंगल. १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. वाघाच्या घरात सायकल घेऊन जायचं नसतं, म्हणून आम्ही बाहेरच्या गावांकडच्या पांदण रस्त्याला लागलो. वर सुटा मुरूम, मधूनच डोकं काढणारा काळा पाषाण. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. मला वाटलं, यालाच ॲडव्हेंचर म्हणत असतील! एका उतारावर पुढचं चाक मुरमावरून असं सटकलं, जसं कुणी खाली गोट्या पसरून ठेवल्यात. मी हात टेकला. बाकीचं डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं.

मंडळी, आता जरा सायन्स. टणक टायर खडकाळ रस्त्यावर दगडाला धरत नाही, दगडावरून उडतो. प्रत्येक खड्याला सायकल आणि तुम्ही दोघंही वर फेकले जाता. म्हणजे पायांनी मारलेला जोर पुढे जायच्या ऐवजी वर जातो, आणि जमिनीला टेकलेलं रबर एवढंसंच असल्याने ग्रिपही जाते. जरा मऊ टायर त्याच दगडाभोवती दबतो, त्याला कवेत घेतो आणि पुढे सरकतो. शॉकअपच्या आधीचा शॉकअप म्हणजे टायरच! आणि टायरवर छापलेला तो मोठा आकडा? ती वरची मर्यादा आहे, सल्ला नव्हे.

हे सगळं कळल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. मी झालो अतिशहाणा. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच रस्त्याला गेलो आणि हवा इतकी सोडली, की टायर लोण्यासारखा. काय ती ग्रिप, काय तो कम्फर्ट! तासभर मी हवेत होतो. मग एका दगडावर मागून आवाज आला, ठण्ण! आणि पाठोपाठ फुस्स. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी. बाभळीचा काटा किंवा सराटा लागला तर भोक साधारण एकच असतं. दोन असली तर समजायचं की टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली. एक्स्ट्रा ट्यूब होती, ती घातली, छोट्या पंपाने अंदाजाने हवा भरली. दोन किलोमीटरवर तीही गेली. वेळ सकाळचे अकरा, पाण्याची बाटली अर्धी. आणि विदर्भातलं एप्रिलचं ऊन म्हणजे काय, हे विदर्भाच्या माणसाला सांगावं लागत नाही.

सायकल ढकलत निघालो. डोकं गरगरायला लागलं तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या काकांनी आधी पाणी दिलं, मग सायकल ट्रॉलीत घातली, मग विचारलं, "हवा किती होती भाऊ?"

"कमीच ठेवली होती काका. मऊ चालावी म्हणून."

"कमी ठेवा ना, पण मोजून ठेवा! अंदाजानं कायले ठेवता? मी बी शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा कमीच ठेवतो. ट्रॉली लावून रोडवर निघालो का वाढवतो. एकच हवा सगळीकडं कशी चालन बाप्पा?"

पुण्यातल्या ग्रुपवर महिनाभर वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते ट्रॉलीत बसून दोन मिनिटांत शिरलं. योग्य हवा म्हणजे रिम दगडाला लागणार नाही इतपत कमी, त्याहून कमी नाही. आणि हा आकडा दुसऱ्या कुणाला विचारून मिळत नाही.

तो शोधायचा असा. गेज असलेला उभा पंप घ्या आणि दर वेळी तोच वापरा, कारण दोन गेज क्वचितच एकसारखा आकडा दाखवतात. रस्त्याचा पाचशे मीटरचा खडबडीत तुकडा ठरवा. ३५ पासून सुरुवात करा, दर फेरीला २ पीएसआय कमी. ज्या फेरीला रिमचा ठण्ण आवाज येईल, तिथे २ वाढवा आणि थांबा. मागच्या चाकावर आपलं वजन जास्त असतं, म्हणून पुढच्यात मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. माझं वजन ७० किलो, ट्यूबवाले सव्वादोन इंची टायर. माझा हिशेब पुढे २७, मागे ३० वर बसला. दर पाच किलो वजनामागे साधारण एक पीएसआय इकडे-तिकडे धरा. सॅकमध्ये सामान असेल तर तेही वजनच! ट्यूबलेस असाल तर ट्यूब चिमटण्याची भानगड नाही, तीन-चार आणखी कमी चालतात. शिवाय आतलं सीलंट सराट्याची छोटी भोकं स्वतःच बुजवतं.

आणि ऊन विसरू नका. ३० पीएसआयच्या टायरमधली हवा २० अंशांनी तापली की प्रेशर साधारण ३ ने वाढतं. पहाटे थंडाव्यात मोजून निघालात आणि दुपारी टायर टणक वाटला, तर तो भास नसतो. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत मात्र कुठलाच आकडा चालत नाही. चिखल चाकाला असा बसतो की चाक फिरतच नाही. तेव्हा घरी बसून भजी खा.

मागच्या खेपेला निघताना बाबांनी पुन्हा अंगठा लावला. "मऊ आहे बे!" म्हणाले. मी गेज दाखवलं, आकडा समजावला. त्यांनी सायकल घेतली, घरामागच्या कच्च्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले. "हाताले झटके नाही बसत," एवढंच बोलले आणि आपल्या काळ्या सायकलचं मागचं चाक अंगठ्याने दाबून बाजाराला निघून गेले.

त्यांचा रस्ता डांबराचा आहे, त्यांचा अंगठा बरोबर आहे. माझ्या अंगठ्याला मात्र मी रिटायर केलंय.