आफ्रिकेत काय पाहावे?

आफ्रिका खंडात पाहण्यासारखी स्थळे कोणती, असे आपल्याकडे कोणासही विचारले, तर उत्तरास विलंब लागत नाही. सिंह, हत्ती, जिराफ. फार तर एखादा मोठा धबधबा आणि इजिप्तचे पिरॅमिड. सहलींच्या जाहिराती पाहाव्यात, तर त्यांतही हेच. जणू ५४ स्वतंत्र राष्ट्रांचे आणि सुमारे दोन हजार भाषांचे हे खंड म्हणजे कुंपण नसलेले एक अवाढव्य प्राणिसंग्रहालयच होय! त्यातही इजिप्तची मौज निराळी. पिरॅमिड पाहून आलेली मंडळी ‘आम्ही आफ्रिकेस जाऊन आलो’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘इजिप्तला जाऊन आलो’ असे म्हणतात. जे भव्य ते आफ्रिकेचे नव्हे आणि जे रानटी तेवढे आफ्रिकेचे, अशी वाटणी आपल्या मनात नकळत होऊन बसलेली असते.

आमचे मत याच्या अगदी उलट आहे. आफ्रिकेस जाण्याचा योग ज्याला येईल त्याने आधी माणसाच्या हातांनी घडलेली स्थळे पाहावीत आणि वेळ उरल्यास मग सिंहाकडे वळावे. त्यातही आपण पश्चिम किनाऱ्यावरचे लोक असल्याने आपला प्रवास समोरच्या किनाऱ्यापासून सुरू व्हावा. आमचा अधिकार म्हणाल तर तो केवळ वाचनाचा आहे. शिक्षकाच्या खिशाला याहून लांबचा प्रवास झेपत नाही.

सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक नू हरणे चाऱ्यापाण्यामागे फिरतात, ते दृश्य अपूर्व असणार यात शंका नाही. झांबेझी नदीचा तो १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच प्रपातही कोणास नको होईल? (त्याचे तेथील लोकांनी ठेवलेले नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर. १८५५ साली लिव्हिंग्स्टनने तो पाहिला आणि त्यास आपल्या राणीचे नाव दिले. दोन्हींपैकी कोणते नाव त्या पाण्यास अधिक शोभते, ते वाचकांनीच ठरवावे.) परंतु केवळ प्राणी पाहून परतलेला मनुष्य त्या देशातील माणसांविषयीचे अज्ञान जेवढे घेऊन गेला होता, तेवढेच घेऊन माघारी येतो.

नकाशात पाहा. आपल्या किनाऱ्यावरून सरळ नैर्ऋत्येकडे निघाले की मध्ये समुद्रावाचून काही नाही; मग थेट केनिया, टांझानिया, मोझांबिक. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे वारे गलबतांना तिकडे नेत आणि पुढे नैर्ऋत्येचे वारे त्यांना परत आणीत. १४९८ साली वास्को द गामाने मलिंदी बंदरात वाटाड्या घेतला आणि महिनाभराच्या आत तो कालिकतास पोहोचला. याचा अर्थ इतकाच की ती वाट आधीपासूनच मळलेली होती. या जुन्या येजा-जाईच्या खुणा स्वाहिली भाषेत अजून सापडतात. तेथे दुकानास ‘दुका’ म्हणतात, मोटारीस ‘गारी’ म्हणतात आणि चपातीस चपातीच म्हणतात.

या किनाऱ्यावर प्रथम किलवा पाहावे. टांझानियाच्या दक्षिण भागातील हे लहानसे बेट आज ओसाड भिंतींचे असले, तरी १३३१ साली इब्न बतूता तेथे उतरला तेव्हा त्याने त्याची गणना अतिसुंदर नगरांत केली. प्रवाळाच्या दगडाने बांधलेली तेथील मोठी मशीद अद्याप उभी आहे. १५०५ साली आल्मैदाच्या आरमाराने हे नगर लुटले. तोच आल्मैदा त्याच सफरीत पुढे हिंदुस्थानास आला आणि येथला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय झाला. गोव्याच्या इतिहासाचे पुस्तक आपण त्याच्या येथील आगमनापासून उघडतो. किलवा हे त्याच्या आधीचे पान आहे.

मोम्बासाचा ‘फोर्ट जेझस’ १५९३ साली बांधावयास घेतला. शंभर वर्षांनी ओमानच्या अरबांनी त्यास वेढा घातला, तो जवळजवळ पावणेतीन वर्षे चालला आणि १६९८ साली किल्ला पडला. या सर्व काळात किल्ल्यातील लोकांचे डोळे लागलेले होते ते गोव्याहून येणाऱ्या गलबतांकडे. त्याहून खाली मोझांबिक बेट. लांबी जेमतेम तीन किलोमीटर. पण १७५२ पर्यंत तो सारा मुलूख गोव्याच्याच हुकमतीखाली होता. बेटाच्या एका अंगास दगडी घरांचे शहर आणि दुसऱ्या अंगास माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरे. छायाचित्रे पाहताना हे आपल्याच खाडीकाठचे एखादे गाव असावे, असा आम्हांस भास झाला.

झांझिबारविषयी मात्र थोडे थांबून लिहावयास हवे. तेथील पितळी गुंड्यांचे कोरीव लाकडी दरवाजे प्रसिद्ध आहेत आणि त्यांवर गुजराती कारागिरीची छाप आहे, हे आपल्याकडील प्रवासी अभिमानाने सांगतात. त्या दरवाजांपासून थोड्याच अंतरावर गुलामांचा बाजार भरत असे. १८७३ साली तो बंद झाला आणि त्या जागी चर्च उभे राहिले. खंडाच्या आतील भागांतून हस्तिदंत आणि माणसे घेऊन येणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत हिंदी सावकारही होते. तेव्हा तेथे उभे राहून केवळ अरबांकडे आणि पोर्तुगिजांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. दरवाजे आपले म्हणावयाचे, तर बाजारातील आपला वाटाही आपलाच म्हटला पाहिजे.

किनारा सोडून उत्तरेस इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात गेले म्हणजे लालीबेला लागते. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्यास लालीबेला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. वरून खाली कोरीत जावयाचे, अनावश्यक दगड काढून टाकावयाचा आणि जे उरेल ते मंदिर! आपल्याकडे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी हे घडले. सुमारे चारशे वर्षांनी लालीबेला राजाच्या काळी, आपले नावही ज्यांनी ऐकले नसेल अशा पाथरवटांनी तीच युक्ती योजून चर्चे कोरून काढली. अशी अकरा चर्चे तेथे आहेत आणि ती खंदकांनी व भुयारांनी एकमेकांस जोडलेली आहेत. संत जॉर्जचे चर्च तर वरून पाहता जमिनीतच कोरलेला क्रूस दिसतो. त्याचे छप्पर आपल्या पायांच्या पातळीवर आणि दार खाली खोल खड्ड्यात. आणि कैलासाहून एका गोष्टीत लालीबेला पुढे आहे असे आम्ही म्हणू. तेथे अजून नित्य उपासना चालते. ७ जानेवारीस, त्यांच्या नाताळात, शुभ्र वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू पायी तेथे येतात. या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात. युरोपातील बहुतेक राष्ट्रांच्या पुष्कळ आधी. त्यांची लिपीही त्यांचीच आहे. तीत प्रत्येक व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपे होतात. आपली बाराखडी, तर त्यांची सातखडी! २०२१ साली युद्धाची झळ या गावासही लागली आणि त्या प्रांतातील अशांतता त्यानंतरही सरलेली नाही. त्यामुळे जाणाऱ्याने आधी चौकशी करावी हे बरे.

पश्चिमेकडे, नायजर नदीच्या वळणाजवळ वाळवंटाच्या कडेस तिंबक्तू आहे. हे नाव आपल्याकडे ‘पृथ्वीच्या पाठीवरील कोठले तरी टोक’ अशा थट्टेच्या अर्थानेच घेतले जाते. मालीचा सम्राट मान्सा मूसा १३२४ साली मक्केच्या यात्रेस गेला तेव्हा त्याने वाटेत इतके सोने वाटले की कैरो शहरात सोन्याचा भाव उतरला. परतल्यावर त्याने तिंबक्तूस मोठी मशीद उभारली. ती मातीची आहे, आणि गावकरी जमून वेळोवेळी तिला नव्याने लिंपतात, म्हणूनच ती आजवर टिकली. परंतु तिंबक्तूचे खरे धन म्हणजे तेथील हस्तलिखिते. ज्योतिष, वैद्यक, गणित, धर्मशास्त्र, व्यापाराचे करार, सर्व काही. ती कुटुंबाकुटुंबांतून पेट्यांत जपलेली. आपल्याकडे जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल असतात तशीच. २०१२ साली शस्त्रधारी धर्मवेड्यांनी शहर बळकावले आणि पूज्य पुरुषांच्या कबरी फोडण्यास आरंभ केला. तेव्हा तेथील ग्रंथपालांनी आणि सामान्य माणसांनी काय केले? पत्र्याच्या ट्रंकांत पोथ्या भरून त्यांनी त्या गाड्यांतून आणि नदीतील नावांतून दूर बामाकोस गुपचूप पोहोचविल्या. पकडले गेले असते तर जीव जाता. कबरी फोडणाऱ्यांपैकी एकास २०१६ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ९ वर्षांची शिक्षा दिली. आज तिंबक्तूची वाट प्रवाशास सुरक्षित नाही. तरीही आमच्या यादीत ते आहे आणि राहील. कारण ज्या गावाने पुस्तकांसाठी प्राण पणास लावले ते गाव शाळेच्या नियतकालिकात वगळावयाचे, तर मग सांगावयाचे तरी कशाविषयी?

आता ग्रेट झिम्बाब्वे. ग्रॅनाइटच्या घडीव दगडांवर दगड रचलेले. चुना नाही, माती नाही. मोठ्या वाड्याच्या बाहेरील भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आणि उंची काही ठिकाणी ११ मीटरांपर्यंत. अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी हे नगर वसविले. येथील सोने समुद्रकाठी जाई आणि वर सांगितलेले किलवा त्यावरच श्रीमंत झाले. उलट येथील उत्खननात चिनी मातीची भांडी आणि हिंदुस्थानातील काचेचे मणी सापडले आहेत. पण १८७१ पासून तेथे येऊ लागलेल्या युरोपीय मंडळींना हे पटेना. काळ्या माणसास असे बांधता येईलच कसे? म्हणून कोणी ते शेबाच्या राणीचे ठरविले, कोणी फिनिशियनांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी नेमलेल्या एका अधिकाऱ्याने तर आतील मातीचे थरच्या थर ‘काफिरां’च्या वस्तीची घाण म्हणून उपसून टाकले. त्यांतच खरा पुरावा होता! पुढे १९०५ साली मॅकायव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्सन या विदुषी यांनी उत्खनन करून हे काम आफ्रिकी माणसांचेच असल्याचे दाखवून दिले, तरी गोऱ्यांच्या सरकारास ते सत्य पचत नव्हते. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्याने आपले नावच या दगडी नगरावरून घेतले. रायगड कोणा युरोपियनाने बांधला असावा असे कोणी लिहिले असते तर आपल्यास काय वाटले असते, ते मनात आणून ही भिंत पाहावी.

या हकिगतीतील ‘काफिर’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. अरबांकडून तो पोर्तुगिजांकडे गेला, तेथे ‘काफ्र’ झाला आणि गोव्यात उतरला तो ‘खापरी’ होऊन. काफ्रियाल आपण चवीने खातो. ते मोझांबिकहून आले आणि त्याच्या नावातही तोच शब्द आहे. शिकावयास आलेला एखादा आफ्रिकी विद्यार्थी म्हापशाच्या बाजारातून जाऊ लागला म्हणजे त्याच्या पाठीमागून जो शब्द टाकला जातो तोही हाच. टाकणारी मुले शाळेतली असतात, आणि त्यांच्या घरी बहुधा कोणी त्यांना हटकलेले नसते. आपल्या गावोगावची माणसे नैरोबीस आणि दारेसलामला कारकुनी, शिंपीकाम, स्वयंपाक करून परतली. त्यांच्या आठवणी रसाळ असत. परंतु त्यांत आफ्रिकी मनुष्य डोकावला तर तो बहुधा घरकामाचा ‘बॉय’ म्हणून. त्याचे नाव काय, त्याचे गाव कोणते, हे क्वचितच ऐकू येई.

कोणी म्हणेल, या शब्दाचा आणि प्रवासाचा संबंध काय? आमच्या मते तो आहे. माणूस जे पाहावयास जातो त्यावरून तो कोणास काय समजतो ते कळते. घाटापलीकडे येल्लापूर-हल्याळच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तेथून निसटून ते रानात शिरले. २००३ साली त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा कोंकणी आहे, जी आमच्याही घरात बोलली जाते. ‘खापरी’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. वर सांगितलेल्यांपैकी एकही स्थळ आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना नजीकच्या काळात पाहावयास मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु वेरूळास आपल्या शाळांच्या सहली जातच असतात. तेथून चारपाच किलोमीटरांवर खुलताबाद येथे मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दक्षिणेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जमीनमहसुलाची त्याने लावलेली घडी पुढे अनेक वर्षे टिकली. त्याने १६१० साली खडकी हे नगर वसविले, ज्याचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. तेथे त्याने खेळविलेल्या पाण्याच्या नहरीस अजून त्याचेच नाव आहे. १६२६ साली तो वारला. सहलीच्या गाड्या त्याच्या कबरीजवळून जातात, पण थांबत नाहीत. येत्या सहलीच्या कार्यक्रमात या थांब्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी लेखी सूचना आम्ही सहल-समितीकडे दिलेली आहे.