'आपला' सरन्यायाधीश झाला म्हणून सीमाप्रश्नाचा निकाल लागतो का?

बेळगाव : सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखपदी मराठी नाव आलं की सीमाभागात मोबाइलवर एकच मेसेज फिरतो, 'आता आपला निकाल लागणार'. नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२५ या सहा वर्षांत देशाला सहा सरन्यायाधीश मिळाले. त्यांतले चार महाराष्ट्राचे : शरद बोबडे, उदय लळीत, धनंजय चंद्रचूड आणि भूषण गवई. तरीही महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा निकालापर्यंत पोचला नाही. ज्येष्ठतेचा क्रम कायम राहिला तर २०२७ मध्ये कर्नाटकच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना सरन्यायाधीश होतील. तेव्हा हीच चर्चा कन्नडमधून ऐकू येईल. दोन्हीकडची समजूत चुकीची आहे. ती का, हे आपण एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

आपला दावा घटनेच्या कलम १३१ खाली आहे. दोन राज्यांचं, किंवा राज्य आणि केंद्राचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात चालवण्याची ही सोय. खालच्या कोर्टातून आलेलं हे अपील नाही. म्हणजे साक्षी-पुरावे नोंदवण्याचं कामही तिथेच सुरू होतं. म्हणून तर २०१४ मध्ये पुरावे नोंदवण्यासाठी माजी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांना नेमावं लागलं होतं.

आता पीठावर कोण बसणार? वादातल्या राज्यातून आलेल्या न्यायमूर्तींनी त्या खटल्यात बसू नये, असा लेखी कायदा नाही, पण संकेत आहे. जानेवारी २०२२ मध्ये कृष्णा पाणीवाटपाच्या प्रकरणातून न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा दोघेही बाजूला झाले. एक महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकचे. सीमादाव्यालाही हाच संकेत लावला, तर आपली माणसं कोर्टात जितकी जास्त, तितके आपला खटला ऐकू शकणारे कमी.

त्यात न्यायमूर्तींच्या बदल्या. मुंबई उच्च न्यायालयातून आलेले न्या. अभय ओक पुढे कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. प्रसन्न वराळे यांचा तर जन्मच निपाणीचा. तेही मुंबईतून बेंगळुरू आणि मग दिल्ली असेच गेले. अशा माणसाला कुठल्या राज्याचं म्हणायचं?

सरन्यायाधीशांच्या हातात एक मोठा अधिकार नक्की आहे. कुठला खटला कोणत्या पीठाकडे द्यायचा, हे ते ठरवतात. पण त्यांचा काळ बघा. न्या. लळीत यांना ७४ दिवस मिळाले, न्या. संजीव खन्ना आणि न्या. गवई यांना जेमतेम सहा-सहा महिने. वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्ती आणि पद ज्येष्ठतेने, त्यामुळे असंच होणार. एक जण प्राधान्य ठरवतो, तोवर दुसरा येतो.

आता सरळ हिशेब मांडू. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ न्यायमूर्ती होते. २०१९ मध्ये मंजूर संख्या ३४ झाली. बहुतेक कामकाज दोन-दोन न्यायमूर्तींच्या पीठांपुढे चालतं, म्हणजे ३४ जागा भरल्या तरी १७ पीठं. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्ती बसवावे लागतात. एक घटनापीठ बसलं की अडीच पीठांचं रोजचं काम थांबलं. प्रलंबित प्रकरणं ८० हजारांच्या वर. जामीन, जमीन, नोकरी, कर, सगळी अपिलं त्याच दारात. घटनेचं न्यायालय आणि शेवटचं अपील न्यायालय अशी दोन दुकानं एकाच गाळ्यात चालतात. रोजचं गिऱ्हाईक पुढे येतं, जुनं खातं मागे राहतं. आपण एकटेही नाही. आसामने नागालँडविरुद्ध सीमेचा दावा १९८८ मध्ये लावला होता.

आपल्या दाव्यात आणखी एक गाठ आहे. कर्नाटकचं म्हणणं असं, की राज्याच्या सीमा बदलणं हे कलम ३ नुसार संसदेचं काम, कोर्टाचं नव्हे. महाराष्ट्राचं म्हणणं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी गावांवर अन्याय झाला आणि तो तपासण्याचा अधिकार कोर्टाला आहे. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांवरचा हक्क पुढची गोष्ट. अधिकाराचा हा प्रश्न आधी सुटल्याशिवाय गावांची यादी उघडणारच नाही.

आणि निकाल बाजूने लागला तरी? पंजाब-हरियाणाचा सतलज-यमुना कालवा डोळ्यासमोर ठेवा. हरियाणाच्या दाव्यावर जानेवारी २००२ मध्ये निकाल लागला, पंजाबने कालवा पूर्ण करावा असा. पंजाबने २००४ मध्ये पाणीवाटपाचे करारच रद्द करणारा कायदा केला. तो कायदा घटनेला धरून नाही, असं मत कोर्टाने २०१६ मध्ये दिलं. कालवा अजून अपुरा आहे. सीमेच्या बाबतीत तर निकालानंतरही संसदेत कायदा लागेल. तिथे न्यायमूर्ती नाही, खासदार मोजले जातात.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री नेमायचं ठरलं. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. ठरावाला टाळ्या मिळतात, दाव्याला तारीख मिळत नाही.

तेव्हा मुंबईहून नेते आले की 'तारीख कधी?' एवढंच विचारून सोडू नका. दोन्ही राज्यांबाहेरच्या न्यायमूर्तींचं पीठ नेमून रोज सुनावणी व्हावी, असा अर्ज केला का? अधिकाराचा मुद्दा आधी निकाली काढा, अशी मागणी वकिलांनी लेखी केली का? कागदपत्रांचं काम कुठवर आलं? आणि संसदेत हा विषय कुठला खासदार मांडणार? या चार प्रश्नांची उत्तरं महाराष्ट्र सरकारने द्यायची आहेत. सरन्यायाधीशांचं आडनाव काय आहे, याने त्यांत काही फरक पडत नाही.